वाईचे घाट आणि जुन्या आळ्या: एका दिवसात, पायी आणि योग्य क्रमाने

महाबळेश्वरला निघालेल्या बहुतेक गाड्या वाईत अर्धा-पाऊण तास थांबतात. ढोल्या गणपतीचं दर्शन, घाटावर दोन फोटो, रस्त्यावर चहा, की गाडी पसरणीच्या घाटाला लागते. पाहुण्यांचं एकवेळ समजू शकतं. पण सातारा-सांगलीकडची माणसंही हेच करतात आणि ‘वाई झाली’ म्हणून मोकळी होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्याला तर वाई हाताच्या अंतरावर आहे.

मुद्दाम दिवस काढून आलेल्यांचं गणित चुकतं ते निराळ्या कारणानं. ते कृष्णा नदीच्या काठानं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघतात, सगळे घाट एका दमात उरकतात आणि मग पेठेत शिरतात. तोवर ऊन चढलेलं असतं, पाय भरून आलेले असतात आणि चौथ्या घाटानंतर सगळे घाट सारखेच वाटायला लागतात. वाई आळ्यांनी बांधलेली आहे. खाली पाणी, पाण्याला भिडलेला घाट, घाटावर देऊळ, देवळाच्या बाजूनं वर चढणारा बोळ आणि बोळाच्या दोन्ही अंगांना वाडे, अशी ही आळी. म्हणून वाई काठाकाठानं आडवी पाहायची नाही, उभी पाहायची. एक आळी पाण्यापासून रस्त्यापर्यंत पुरी करायची आणि मगच दुसरीत उतरायचं.

खालचा सगळा क्रम या एका गोष्टीवर उभा आहे.

## टप्पा १: दिवस ठरवा, आधी नदीकडे पाहून

सर्वांत सोयीचा काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा. पावसाळ्यात चढलेलं शेवाळ तोवर वाळलेलं असतं आणि सकाळी दगड थंड असतात. एप्रिल-मे महिन्यांत जायला हरकत नाही, पण मग दहाच्या आत घाट संपवायचे असं ठरवूनच या. काळा दगड तापला की देवळाच्या आवारात अनवाणी दोन पावलं टाकणंही कठीण होतं.

जुलै-ऑगस्टमध्ये घाट पाहण्याचा बेत करू नका. वाईच्या वरच्या अंगाला कृष्णेवर धोम धरण आहे आणि त्याच्याही वर बलकवडी. धरणातून विसर्ग सुरू झाला की वाईत आभाळ कोरडं असतानाही पाणी चढतं, पायऱ्या बुडतात आणि गणपतीच्या देवळापर्यंत पाणी येतं. पावसाळा सरत आलेला असला, तरी निघण्याच्या आदल्या दिवशी विसर्गाची बातमी पाहा. ‘नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा’ असा मजकूर दिसला, तर बेत पुढच्या आठवड्यावर ढकला.

आता टाळायचे दिवस. रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या तर टाळाच. संकष्टी, त्यातही अंगारकी, आणि माघातली गणेशजयंती या दिवशी गणपती आळीत दर्शनाची रांग असते. तिथे दर्शनासाठी जरूर जा, पण त्याच दिवशी आळ्या बघायचा बेत धरू नका. पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीची यात्रा असते आणि वाईतून जाणाऱ्या रस्त्यांवर मोठी वर्दळ असते. रंगपंचमीला शेजारच्या बावधनचं बगाड असतं, तेव्हाही तेच. मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी पाचगणीकडे जाणाऱ्या गाड्यांनी मुख्य रस्ता भरून जातो.

एक काळ मात्र अपवाद म्हणून वेगळा धरावा. हिवाळा सरता सरता वाईत कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव सुरू होतो. आळीआळीनं, एकामागून एक. ज्या आळीची पाळी असेल, त्या आळीच्या घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाई तिथे बसते, कीर्तनं होतात, महाप्रसाद होतो. आळी हेच या गावाचं खरं माप आहे, हे त्या दिवसांत कुणी सांगावं लागत नाही. त्या काळात आलात तर खालचा दिवसभराचा क्रम बाजूला ठेवा. जिथे उत्सव आहे त्या एका आळीत बसा, बाकीच्यांसाठी पुन्हा या.

तपासा: निघण्याआधी चार गोष्टी पाहून घ्या: धोमचा विसर्ग, दिनदर्शिकेतली तिथी, उत्सव चालू असेल तर तो कोणत्या आळीत, आणि परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ.

## टप्पा २: पोचणं आणि गाडी लांब ठेवणं

साताऱ्याहून वाई साधारण पस्तीस किलोमीटर. महामार्गावर पाचवड फाट्याला डावीकडे वळायचं. पुण्याकडून येणाऱ्यांनी सुरूर फाट्याला वळायचं. सातारा स्टँडवरून वाईच्या गाड्या मिळतात आणि तासाभराचा प्रवास धरावा. सांगलीहून अंतर दीडशे किलोमीटरांच्या घरात जातं, त्यामुळे पहाटे निघून उजाडता वाई गाठणं जिवावर येतं. सांगली-मिरजेच्या मंडळींनी आदल्या संध्याकाळी साताऱ्यात किंवा वाईतच मुक्काम करावा. रेल्वेचा विचार असेल तर सातारा स्टेशन गावापासून बाजूला आहे, हे ध्यानात घ्या. स्टेशनवरून एसटी स्टँड गाठण्यातच सकाळचा चांगला वेळ जातो.

सूर्य उगवायच्या सुमारास तुमचे पाय घाटावर हवेत. हा हट्ट फोटोंसाठी नाही. त्या वेळी आळीतली माणसं त्यांच्या रोजच्या कामात असतात. कुणी नदीला नमस्कार करायला उतरतं, कुणी ओटा झाडतं, देवळात पूजा चालू असते. पायऱ्या रिकाम्या असल्यामुळे बांधणी नीट दिसते आणि तिरप्या उन्हात दगडावरचं कोरीव काम उठून येतं. नऊनंतर पर्यटकांच्या गाड्या यायला लागतात आणि घाटाचा वाहनतळ होतो.

गाडी घाटापर्यंत नेऊ नका. आळ्यांतले रस्ते बैलगाडीच्या काळातले आहेत. समोरून टेम्पो आला तर मागे घ्यायलाही जागा राहत नाही आणि त्या आळीतल्या लोकांची सकाळ तुमच्या गाडीपायी अडते. गाडी मुख्य रस्त्याच्या बाजूला, परवानगी असेल तिथे लावा आणि चालत या. गाव एवढं आटोपशीर आहे की स्टँडवरून नदी गाठायला फार वेळ लागत नाही.

स्टँडवरच स्वच्छतागृहाचं काम उरकून घ्या. घाटावर ती सोय शोधत फिरणं त्रासाचं होतं, विशेषतः बायकांना आणि वयस्कर माणसांना.

बरोबर काय घ्यावं? तळव्याला पकड असलेल्या, पण चटकन काढता-घालता येणाऱ्या चपला. लेसचे बूट घालून आलात तर दर देवळापाशी खाली बसावं लागेल. गुळगुळीत तळव्याच्या चपलाही नकोत. पाण्याची बाटली, टोपी किंवा छत्री, दानपेटीत आणि रिक्षाला लागतील असे सुटे पैसे, आणि मोबाईल पुरता चार्ज केलेला, कारण त्याचा दिवा पुढे कामाला येणार आहे.

## टप्पा ३: पहिली दहा मिनिटं पुलावर

घाटावर उतरण्याआधी नदीवरच्या पुलावर थांबा. वाहतुकीच्या कडेला उभं राहून दोन्ही बाजूंना नीट पाहा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि नंतर आळ्यांमध्ये दिशा हरवून बसतात.

कृष्णा इथे धोमकडून, म्हणजे पश्चिमेकडून येते आणि पूर्वेकडे जाते. जुनं गाव तिच्या उत्तरेच्या काठावर आहे. वायव्येला डोंगरांत पांडवगड दिसतो, तो खूण म्हणून धरून ठेवा. मग काठावर ढोल्या गणपतीचं शिखर शोधा. बोळांतून फिरताना कुठेही गोंधळलात, तर उताराच्या दिशेनं चाललं की नदी येते आणि नदीवर आलं की हे शिखर सापडतं. यापुढे नकाशा लागत नाही.

पुलावरूनच पाणी जोखून घ्या. पाणी गढूळ आणि ओढीचं असेल, खालच्या पायऱ्या दिसत नसतील, तर आज फक्त वरच्या पायऱ्यांवरून पाहायचं असं तिथेच ठरवा. जलपर्णीनं पात्र झाकलेलं असेल तेव्हा तर आणखी जपून. हिरवा थर सपाट दिसतो आणि पायरी कुठे संपते ते कळत नाही.

इशारा: कोणत्याही घाटावर पाण्यात उतरू नका. बुडालेल्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, काही तुटलेल्या असतात आणि पुढे डोह असू शकतो. मुलं बरोबर असतील तर शेवटच्या चार कोरड्या पायऱ्या त्यांना बंद, हा नियम आधीच सांगून टाका.

## टप्पा ४: पहिली आळी पूर्ण, गणपती आळी

सुरुवात इथूनच करायची, कारण गर्दी इथेच आधी होते. सकाळी सातला जी शांतता मिळते, ती अकराला मिळणार नाही.

बहुतेक जण थेट गाभाऱ्यात जातात, दर्शन घेतात आणि निघतात. तुम्ही आधी देवळाच्या मागच्या बाजूला जा. हे देऊळ पेशव्यांचे सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ च्या सुमारास नदीच्या अगदी काठावर बांधलं. पुराचा लोंढा जिथून येतो, त्या बाजूची म्हणजे गाभाऱ्यामागची भिंत त्यांनी सपाट ठेवली नाही, माशाच्या आकाराची निमुळती केली. लोंढा त्या टोकावर फुटतो, दोन बाजूंना वाटला जातो आणि देवळाला सरळ धडक बसत नाही. अडीचशेहून अधिक पावसाळे या भिंतीनं झेलले आहेत. ही भिंत पाहिल्याशिवाय ढोल्या गणपती पाहिला असं मी मानत नाही. तिच्याजवळ उभं राहून नदीच्या वरच्या अंगाला तोंड करा. पाणी कुठून येतं आणि कुठे फुटतं, हे एका नजरेत समजतं.

मग समोर या आणि दर्शन घ्या. मूर्ती एकाच दगडातली, मोठी, रुंद. गाभारा तिच्या मानानं साधा आहे. गाभाऱ्यात फोटो काढायचे की नाही, हे तिथल्या फलकावर पाहा किंवा पुजाऱ्यांना विचारा. शेजारचा माणूस काढतोय म्हणून आपण काढू नये.

बाहेर आलात की लागूनच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये बांधलेलं. गणपतीला आलेले निम्मे लोक इथे डोकावतही नाहीत. इथे घाई करू नका. आधी आवारात थांबून दीपमाळ पाहा, मग नंदीपाशी या. एका दगडातल्या त्या नंदीच्या गळ्यातल्या माळा आणि घंटा जवळून, एकेक करून पाहा. नंतर थोडं मागे सरून देवळाची बांधणी वाचा: खाली घडीव दगड, वर विटा आणि चुन्याचं शिखर, शिखराच्या कोनाड्यांत चुन्याच्या गिलाव्यात घडवलेल्या मूर्ती. पेशवेकाळात देशावर बांधलेल्या कितीतरी देवळांची हीच रीत आहे. ती इथे एकदा डोळ्यांत बसली की पुढच्या आळ्यांतली लहान देवळं आपोआप उलगडतात.

आता घाट. वरच्या पायरीवर बसा आणि खालून वर नजर न्या. पायऱ्या कुठे वळतात, मधे बसायला पसरट टप्पा कुठे सोडला आहे, कडेच्या भिंतीत कोनाडे आहेत का, लहान देवळी किंवा पादुका आहेत का. एखादा शिलालेख सापडला आणि अक्षरं पुसट असली, तर मोबाईलचा दिवा अक्षरांच्या समोर न धरता बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. तिरप्या उजेडात खोलगट अक्षरं सावलीनं उठून दिसतात.

इशारा: शिलालेखाला खडू, पीठ, हळद, तेल काहीही लावू नका. पाणीही ओतू नका. चुना आणि जुना दगड यांची हानी अशीच होते आणि ती भरून येत नाही.

हे झालं की मुख्य चूक टाळायची वेळ येते. समोर काठानं पुढचा घाट दिसत असतो आणि पाय तिकडे वळतात. वळू देऊ नका. देवळाच्या बाजूच्या बोळानं वर चढा. दोन्ही अंगांना पाहत, सावकाश, आळी रस्त्याला मिळते तिथपर्यंत जा.

बोळात काय पाहायचं, हे माहीत नसेल तर हाती फक्त जुन्या भिंती लागतात. म्हणून ही नजर घेऊन चला. आधी जोतं: घडीव दगडाचं, किती उंच? नदीजवळच्या वाड्यांची जोती उंच का, हे पुलावर पाणी पाहून आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मग दरवाजा. मोठ्या दाराच्या फळीत दिंडी, म्हणजे वाकून जायचं लहान दार आहे का? चौकटीवर गणपती कोरलेली गणेशपट्टी आहे का? दार उघडं असेल तर देवडी, म्हणजे दारामागची पहारेकऱ्यांची जागा दिसेल, आणि ती ओलांडून चौकातल्या उजेडाचा एक तुकडा. वर माडीच्या खिडक्या, लाकडी कठड्याचं कोरीव काम, बाहेर आलेल्या तुळयांची टोकं. वीटकाम उघडं पडलं असेल तर पाहा, जुन्या विटा आजच्यापेक्षा पातळ असतात. आणि मधेच एखादी चारमजली इमारत आली तर तीही पाहा. आळी आज कशी जगते आहे, हे तिच्यावरून कळतं.

## टप्पा ५: आणखी तीन आळ्या, सातही नव्हे

वाईच्या सात आळ्या अशा: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. प्रत्येकीला तिचा घाट आहे. नावं पाठ करून या, किंवा कागदावर लिहून खिशात ठेवा. वाटेत विचारताना ‘पुढचा घाट कुठे?’ असं विचारू नका, उत्तर मोघमच मिळेल. ‘काका, ही धर्मपुरी का?’ असं नाव घेऊन विचारलं की माणूस थांबतो, बोट दाखवतो आणि बऱ्याचदा न विचारलेली माहितीही देतो. आळीतल्या माणसाला आपल्या आळीचा अभिमान असतो.

सकाळभरात गणपती आळी धरून चार आळ्या नीट होतात. सातही करायला गेलात तर शेवटच्या तीन नुसत्या मोजल्या जातील. उरलेल्या पुढच्या खेपेला ठेवा. प्रत्येक आळीत क्रम तोच: वरच्या रस्त्यावरून बोळानं खाली नदीवर, घाटावर थोडं बसणं, देऊळ, आणि शक्य असेल तर दुसऱ्या बोळानं वर. उतरायचा आणि चढायचा बोळ वेगळा ठेवला की तेवढ्याच वेळात दुप्पट घरं दिसतात.

चारांत गंगापुरी जरूर घ्या. प्राज्ञपाठशाळा ही जुनी शिक्षणसंस्था इथे आहे आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलेलं मराठी विश्वकोशाचं कार्यालयही इथेच. मराठीतला एवढा मोठा ज्ञानप्रकल्प मुंबई-पुण्यात न होता कृष्णाकाठच्या या गावात झाला, ही गोष्ट वाई बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असं मला वाटतं. आत जायची इच्छा असेल तर कामाच्या दिवशी, आधी विचारून जा. शनिवार-रविवारी सरकारी कार्यालय बंद असतं, तेव्हा बाहेरूनच पाहावं लागेल.

या टप्प्यात चुका होतात त्या बहुतेक वागण्यातल्या. वाडे ही लोकांची घरं आहेत. दार उघडं आहे म्हणजे आत या असा अर्थ होत नाही. देवडीच्या बाहेर थांबा, आवाज द्या. ‘मावशी, आम्ही साताऱ्याहून आलोय, चौक बाहेरून बघू का?’ एवढं पुरतं. होकार मिळाला तर चपला बाहेर काढा, चौकाच्या पुढे सोप्यावर बोलावल्याशिवाय जाऊ नका, माणसांचे आणि देवघराचे फोटो काढू नका. नकार मिळाला तर हसून पुढे व्हा, कारण विचारत बसू नका. आजारी माणूस, दुपारची झोप, भावकीतली वाटणी, कारणं कितीही असू शकतात आणि ती आपली नव्हेत.

घाटावर श्राद्धकर्म किंवा दशक्रिया चालू असू शकते. लांबूनच ओळखा: पिंड मांडलेले, गुरुजी, पंचातली माणसं, बाजूला गप्प बसलेले नातेवाईक. कॅमेरा आत टाका आणि त्यांच्यामधून न जाता वरच्या पायऱ्यांनी वळसा घाला. धुणं धुणाऱ्या बायकांचे फोटोही विचारल्याशिवाय काढू नयेत. नदी ही त्यांची कामाची जागा आहे.

पडक्या वाड्यांच्या बाबतीत उत्साह आवरा. छप्पर उडालेला, पिंपळ उगवलेला वाडा फोटोत छान दिसतो, पण पांढऱ्या मातीच्या भिंतींना पावसात तग धरवत नाही आणि माडीच्या फळ्या वाळवीनं आतून पोकळ झालेल्या असतात. बाहेरून पाहा, भिंतीच्या अगदी खाली उभे राहू नका.

तपासा: अकराच्या सुमारास स्वतःला विचारा: आतापर्यंत पाहिलेल्या आळ्यांची नावं क्रमानं सांगता येतात का? प्रत्येकीतली एक तरी वेगळी खूण आठवते का? आठवत नसेल तर वेग जास्त झाला आहे. पुढची आळी सोडा आणि एखाद्या घाटावर परत जाऊन बसा.

## टप्पा ६: दुपार

बारा ते तीन उन्हात फिरू नका. गावातल्या एखाद्या खानावळीत जेवा, सावलीत बसा. हॉटेलसाठी महामार्गावर परत जाण्याची गरज नाही, त्यात तास जातो. सकाळी पाहिलेल्या आळ्यांचा एक कच्चा नकाशा हातानं काढून पाहा. नदी, बोळ, देऊळ, रस्ता, एवढंच.

## टप्पा ७: मेणवली, आणि इथे क्रम उलटा

तीनच्या सुमारास मेणवलीला निघा. वाईपासून सुमारे तीन किलोमीटर, नदीच्या वरच्या अंगाला. रिक्षा केलीत तर परतीचं आधीच ठरवून घ्या, कारण संध्याकाळी तिथे रिक्षा मिळेलच असं नाही.

सकाळी आपण पाण्यापासून वर गेलो. मेणवलीत आधी वाडा आणि मग घाट. कारण सरळ आहे: वाड्याला वेळेची मर्यादा असते, घाटाला नसते, आणि कलत्या उन्हात घाट जास्त सुखाचा असतो. लोक उलट करतात. गाडीतून उतरल्याबरोबर पाण्याकडे पळतात, फोटोंत तास घालवतात आणि वाड्याशी येतात तेव्हा दार बंद होत असतं. वाडा खासगी मालकीचा आहे. त्या दिवशी उघडा आहे का, चित्रीकरण चालू आहे का, याची चौकशी वाईतूनच करून निघा.

हा वाडा नाना फडणवीसांचा. सहा चौकांचा आहे, म्हणून आत शिरल्यावर चौक मोजत पुढे जा आणि प्रत्येक चौकाचं काम काय असेल याचा अंदाज बांधा. बाहेरच्या माणसांचा चौक कोणता, घरच्यांचा कोणता, कारभार कुठे चालत असेल. मोठ्या वाड्यात हरवून जायचं नसेल तर यापेक्षा चांगला उपाय नाही. सकाळी आळीत ज्या देवडीच्या बाहेर उभे होतात, तिचं काम इथे आत जाऊन समजतं. भिंतींवर जुनी चित्रं आहेत. हात लावू नका, फ्लॅश मारू नका, पाठ टेकवून उभे राहू नका. जिन्यांच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, वयस्कर मंडळींना खालच्या मजल्यावरच बसवा.

मग मागच्या बाजूनं घाटावर. हा घाट वाईतल्या घाटांहून वेगळा आहे, कारण तो एका घराण्यानं एका रचनेत बांधला आहे. वाडा, देवळं आणि पायऱ्या एकमेकांकडे पाहून उभ्या आहेत. वरच्या पायरीवर मधोमध बसून हे आधी नजरेत भरून घ्या. विष्णू आणि मेणेश्वर अशी दोन देवळं आहेत, आणि मेणेश्वरासमोर लहानशा बांधकामात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या वेळी पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही. आकृती शोधायला घंटेभोवती फिरा आणि दिवा पुन्हा बाजूनं धरा.

इशारा: घंटा वाजवू नका. तिला झोके देणं, लोलक आपटणं, मुलांना वर चढवून फोटो काढणं, हे सगळं तिथे होताना दिसतं. तीनशे वर्षांहून जुनी ओतीव धातूची वस्तू आहे, तडा गेला तर जोडता येत नाही.

## टप्पा ८: परत

सूर्य मावळायच्या आत मेणवली सोडा. घाटाच्या पायऱ्यांवर पुरेसा उजेड नसतो आणि दिवसभर चाललेले पाय उतरताना चुकतात. वाईच्या स्टँडवर आलात की सकाळी पाहून ठेवलेली शेवटच्या गाडीची वेळ खिडकीवर पुन्हा विचारून घ्या. साताऱ्याची गाडी चुकली तर पाचवड फाट्यापर्यंत मिळेल त्या वाहनानं जाऊन महामार्गावरची गाडी पकडता येते, पण अंधार पडल्यावर कुटुंबासह ते करू नये. सरळ मुक्काम करावा.

मुक्काम केलात तर दुसऱ्या सकाळी राहिलेल्या तीन आळ्या, त्याच उभ्या पद्धतीनं. त्यानंतर वेळ उरला तर धोम. तिथे नरसिंहाचं देऊळ आहे आणि त्याच आवारात कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी. कुंडात पाणी असेल तेव्हा कासव तरंगल्यासारखं दिसतं. तिथेही आधी कुंडाच्या कडेनं पूर्ण फेरी मारा, मग देवळात जा.